रोज तीन ते चार

आधीच्या माणसाने त्या घरी परत जायला साफ नकार दिला होता. "मला दुसरं कुठलंही काम द्या," तो सुपरवायझरला म्हणाला आणि कॉलर बाजूला सारून मान दाखवली. मानेवर चार बोटांचे वळ अजून जांभळे होते. ग्राहकाने त्याला भिंतीशी दाबून धरलं होतं. तेवढ्या वेळात एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि सोडल्यावर त्याच्या शर्टाच्या चुण्या स्वतःच्या हाताने सारख्या करून दिल्या होत्या.

"पण तक्रार काय आहे?" वैद्यने विचारलं.

"तीच," सुपरवायझर म्हणाला. "इंटरनेट रोज तीनला जातं, चारला येतं. दोनदा राउटर बदलला, एकदा अडॅप्टर बदलला, खालच्या पेटीपासून नवीन तार ओढली. ही चौथी तक्रार."

वैद्य हे काही त्याचं आडनाव नव्हतं. बावीस वर्षं तारांच्या धंद्यात काढलेल्या या माणसाला ऑफिसातल्यांनीच ते नाव पाडलं होतं, कारण तार चिमटीत धरून तो डोळे मिटायचा, नाडी पाहिल्यासारखा. अर्थात ते नाटक होतं. तारेच्या नाडीत काही कळत नाही. पण 'दोष सापडला नाही' असं त्याने आजवर एकाही फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं, आणि त्याचा त्याला गर्व होता. बायको म्हणायची, यांना जगाच्या तारा दिसतात, स्वतःच्या मोरीतला गळका नळ तेवढा दिसत नाही.

"मी जातो," तो म्हणाला. "बिनकॉलरचा शर्ट घालून जातो."

सगळे हसले. मान दाखवणारा हसला नाही.

चौथ्या मजल्यावरच्या त्या घराची बेल त्याने दुपारी दोनला वाजवली. लाइन जाताना डोळ्यांनी बघायची म्हणून मुद्दाम तासभर आधी. दार एका पस्तिशीच्या बाईने उघडलं. हात ओले होते. एवढ्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांची बटणं लावलेली होती, पण ते त्याच्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही. बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर तिचे सासरे खुर्चीत बसले होते. दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं, मांडीवर रिमोट.

वैद्यने सवयीने खोलीभर नजर फिरवली. टीव्हीच्या वर एक कॅमेरा. स्वयंपाकघराच्या दाराकडे रोखलेला दुसरा. आतल्या खोलीच्या चौकटीवर तिसरा. राउटर कोपऱ्यातल्या फळीवर होता, आणि फळीशेजारी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर भिंतीचा गिलावा तळहाताएवढा उडालेला होता.

"हे काय झालं?"

"जुना राउटर लागला," ती म्हणाली.

"राउटर भिंतीला लागला? बराच जोरात लागला म्हणायचा."

ती हसली नाही. सासऱ्यांनी चॅनेल बदललं.

"मिस्त्री, आलात का?"

वैद्य दचकला. आवाज टीव्हीच्या वरून आला होता. कॅमेऱ्यालाच स्पीकर होता.

"मी ऑफिसातून बोलतोय," आवाज म्हणाला. मऊ, घोटीव आवाज. "तुमचं चालू द्या. मी आहे इथे."

वैद्यने काम सुरू केलं. राउटरचे दिवे पाहिले, सगळे हिरवे. तार काढून मीटर लावला; काचेच्या तारेतून उजेड हवा तेवढा येत होता. कपाटामागे तार कुठे मुडपली आहे का ते बोटं फिरवून बघितलं. अडॅप्टर हाताला कोमट लागला, म्हणजे ठीक. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एक पातेलं पुसत होती.

"उन्हाने होत असेल का हो?" तिने विचारलं. "तीनला त्या खिडकीतून ऊन येतं."

"उन्हाने राउटरचा डबा तापेल, ताई. पण तापलेला डबा घड्याळ बघून बरोबर चारला गार होत नाही."

"उंदीर पण आहेत बिल्डिंगमध्ये."

"ही काचेची तार असते. उंदराने तोडली की तुटली, संपलं. दुपारी तोडून चारला परत जोडून देणारा उंदीर मी तरी पाहिला नाही."

कॅमेऱ्यातून हसण्याचा आवाज आला. वैद्यला बरं वाटलं, तोही हसला.

"मग शेजारी दुपारी ओव्हन लावतात त्याने?"

"त्याने वायफाय अडखळेल. अख्खा डबा बंद पडणार नाही."

तिने आणखी दोन कारणं काढली, त्याने तीही खोडली. नंतर हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की ती महिनाभर ही उत्तरं जमवत होती. कुणाकुणाला विचारून, कुठेकुठे वाचून. आणि तो लाल पेन घेतलेल्या मास्तरासारखा एकेक उत्तर चूक ठरवत गेला होता. तेव्हा मात्र त्याला एवढंच वाटलं की बाईला विषयात रस आहे.

शेवटी त्याने मोबाइलवर कंपनीकडच्या नोंदी उघडल्या. आधीच्या तिघांनी हे केलंच नव्हतं. नोंदी वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे ऑफिसात सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

"साहेब, सापडलं," तो कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाला.

"बोला."

"असं असतं बघा. तार तुटली तर डबा नुसता गप्प होतो. पण त्याची वीज गेली तर क्षणभर पुरेल एवढा जीव त्याच्यात उरतो, आणि तेवढ्यात तो कंपनीला कळवतो की मी चाललो. आम्ही त्याला शेवटची उचकी म्हणतो. तुमच्या डब्याने सव्वीस दिवसांत बावीस उचक्या दिल्यात. तीन वाजून दोन, तीन वाजून चार, तीन वाजून एक. फक्त रविवारी नाही."

"बिल्डिंगची वीज जात असेल," बाई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मग शेजारच्या डब्यांनीही उचकी दिली असती ना. एकानेही दिलेली नाही." तो पुन्हा कॅमेऱ्याकडे वळला. "साहेब, दोष लाइनचा नाही, राउटरचा नाही. कुणीतरी बटण बंद करतंय. हाताने."

पातेलं पुसणारा हात थांबला.

"थँक्यू, मिस्त्री," मग आवाज आला. "मला एवढीच खात्री हवी होती. थांबा, सही करायला येतो. दहा मिनिटं."

बाई आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. कॅमेऱ्याकडे पाठ करून ती त्याच्यासमोर उभी राहिली. ओठ जेमतेम हलले.

"काय केलंत हे तुम्ही?"

त्याने पेला घ्यायला हात पुढे केला. तिची बाही वर सरकली होती. मनगटाच्या आतल्या बाजूला ओळीने गोल डाग होते. सिगारेटच्या टोकाएवढे. चार जुने, एक ओला.

"दादा, तुमच्या पाया पडते. आत्ताच्या आत्ता म्हणा की चुकलं. म्हणा, प्लग सैल होता."

वैद्यने पेला तसाच खाली ठेवला. तो कॅमेऱ्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "साहेब, एक मिनिट, मी घाई केली. हा प्लग सैल दिसतोय. साहेब?" कुणी उत्तर दिलं नाही. साहेब रस्त्याला लागले होते.

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने एक कान मोकळा केला, मग दुसरा. दोन्ही यंत्रं छोट्या डबीत ठेवली, डबी बंद केली आणि खिशात घातली. मग पुन्हा टीव्हीकडे बघू लागला.

"चला माझ्याबरोबर खाली," तो म्हणाला.

"कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही जा. तुम्ही दिसलात की आणखी भडकतील."

तो गेला नाही, पण थांबला तेही धड नाही. तारा गुंडाळत, पिशवीची चेन लावत, पुन्हा उघडत राहिला. नवरा सात मिनिटांत आला. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा शर्ट, वासाची पावडर. बायकोकडे त्याने पाहिलंदेखील नाही. फॉर्मवर सही केली.

"पाच स्टार देतो तुम्हाला."

"साहेब, प्लग सैल असण्याचीही शक्यता आहे. मी जरा जास्तच..."

नवऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अंगठा गळ्याच्या हाडापाशी आला आणि हळूहळू रुतला. "तुम्ही हुशार आहात, मिस्त्री. हुशार माणसाने शब्द फिरवू नये." तसाच खांद्याला धरून त्याने वैद्यला दाराबाहेर सोडलं. आतून एक कडी लागली, मग दुसरी.

वैद्य जिना उतरला. नंतर कोर्टात त्याने सांगितलं की आवाज ऐकताच मी लगेच वर गेलो. ते खरं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला आणि मोबाइल काढून पुढची तक्रार कुठली आहे ते पाहिलं. वरून गादी झटकल्यासारखा आवाज आला. त्याने पत्ता वाचला. पुन्हा तसाच आवाज. मग काहीतरी भिंतीवर आदळून फुटलं. तिचा आवाज नव्हताच. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. एवढा मार खाताना माणूस गप्प राहतो म्हणजे त्याला गप्प राहायची किती सवय झाली असेल, हे मनात आलं आणि तो वर निघाला.

तिसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं होतं. गळ्यात टेप लटकवलेली एक शिवणकाम करणारी बाई उंबऱ्यात उभी होती.

"परत का?" तिने वरच्या दिशेला बघत विचारलं.

"तुम्ही कुणाला बोलवत नाही का?"

"दोनदा बोलावलं पोलिसांना. दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून वाटेला लावलं त्याने. मग रात्रभर तिलाच..." तिने वाक्य सोडून दिलं.

"आता परत बोलवा. सांगा, इंटरनेटवाल्याला मारतायत. बाहेरच्या माणसाला मारतायत म्हणा, म्हणजे येतील."

"तुम्हाला कुठे मारतोय?"

"मारेल. मी वरच चाललोय," वैद्य म्हणाला.

त्याने दार दोन्ही मुठींनी बडवलं. बराच वेळ काही नाही. मग दोन्ही कड्या निघाल्या आणि दार चार बोटं उघडलं. नवऱ्याने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. दम लागला होता, पण केस जागच्या जागी होते.

"काही विसरलात?"

वैद्यने उजवा हात फटीत घातला. बोलायला सुचलं नाही म्हणून हात घातला, एवढंच. नवऱ्याने त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सगळं अंग टाकून दार लोटलं.

मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. आवाज त्याला आधी ऐकू आला, वेदना नंतर आली. तो किंचाळला, पण हात निघत नव्हता. नवऱ्याने दार इंचभर मागे घेतलं आणि पुन्हा लोटलं. तिसऱ्यांदा मागे घेतलं तेव्हा वैद्यने खांदा घातला आणि दारासकट आत कोसळला.

ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बसली होती. डाव्या कानातून रक्त मानेवरून बाहीत उतरलं होतं. गळ्याभोवती बदललेल्या जुन्या अडॅप्टरच्या वायरचा एक वेढा होता, दुसरं टोक फरशीवर पडलेलं. डोळे उघडे होते. ती श्वास मोजून घेत असल्यासारखी घेत होती.

वैद्य उठायच्या आत बरगडीत लाथ बसली. मग दुसरी, त्याच जागी. नवरा घाई करत नव्हता. मारायची जागा बघून मारत होता. वैद्यने डाव्या हाताने त्याचा पाय धरला, तसा तो वाकला, फळीवरचा राउटर तारेसकट उपटला आणि त्याच्या तोंडावर हाणला. प्लास्टिक फुटलं. भुवई फाटली आणि एका डोळ्यापुढे सगळं लाल झालं. मागे टीव्हीवरचं चित्र गोठलं आणि पडद्यावर अक्षरं आली: कनेक्शन नाही. म्हातारा ती अक्षरं वाचत बसला.

नवरा वैद्यच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि दोन्ही अंगठे त्याच्या गळ्यावर ठेवले.

"मी तुम्हाला पाच स्टार दिले होते," तो म्हणाला. अगदी समजुतीच्या सुरात.

वैद्यने मोडक्या हाताने त्याच्या तोंडावर मारायचा प्रयत्न केला आणि स्वतःच कळवळला. कानात वारं भरल्यासारखं झालं. छत लांब जायला लागलं. नवऱ्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता, तो आता आपल्या तोंडावर पडणार, एवढाच विचार त्याच्या डोक्यात उरला.

पातेलं बुडाच्या बाजूने आलं. पहिला घाव कानामागे बसला आणि अंगठे सुटले. नवऱ्याने मान वळवली, आश्चर्याने, खुर्चीने चावा घेतल्यावर माणूस बघेल तसं. दुसरा घाव नाकावर बसला. तो बाजूला कलंडला. ती त्याच्यावर उभी राहिली, गळ्यातली वायर तशीच लोंबत होती, आणि तिने दोन्ही हातांनी पातेलं डोक्यावर नेऊन तिसरा घातला, चौथा घातला. पाचव्या वेळी वैद्यने बसल्या बसल्या तिचा घोटा धरला.

"बस, ताई. बस. मरेल तो."

"मरू दे."

"पोलीस येतायत."

"येऊ देत," ती म्हणाली आणि सहावा घाव गुडघ्याच्या वाटीवर घातला. तो आवाज वैद्यला आपल्या बोटांच्या आवाजासारखा वाटला. मग तिने पातेलं हळूच फरशीवर ठेवलं, बुड वाकडं झालेलं होतं ते पाहिलं, आणि वैद्यच्या शेजारी खाली बसली. दोघं भिंतीला टेकून बसले. समोर नवरा कण्हत होता. मधेच त्याने उठायचा प्रयत्न केला तेव्हा दोघांनी एकदमच पातेल्याकडे हात नेला, आणि तो परत पडला.

पोलीस वीस मिनिटांनी आले. या वेळी चहा करायला कुणी उठलं नाही.

तिचा डावा कान गेला. पडदा फाटला होता आणि आतही काही तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, एकच मार नाही हा, बऱ्याच दिवसांचा आहे. वैद्यच्या दोन बोटांत सळ्या घातल्या. सळ्या काढल्यावरही बोटं वाकेनात. केसाएवढ्या काचेच्या तारा जोडणारा हात तो. आता त्याला शर्टाचं बटण लावायला बायको लागत होती.

हॉस्पिटलात पहिल्या रात्री बायको शेजारी स्टुलावर बसून होती. त्याने तिला सगळं सांगितलं. अंगठे, दार, पातेलं. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "तुम्ही मुळात खाली का उतरलात?"

"तिनेच सांगितलं, जा म्हणून."

"तिने सांगितलं," बायको म्हणाली. त्याची चादर नीट केली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

ऑफिसने निराळाच प्रश्न विचारला. नवऱ्याच्या वकिलाने कंपनीला नोटीस पाठवली होती की तुमच्या कर्मचाऱ्याने घरात घुसून मारहाण केली. सुपरवायझरने ती टेबलावर ठेवली. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता.

"काम संपलं. सही झाली. तुम्ही जिना उतरलात. मग परत वर गेलात ते कुठल्या तक्रारीवर?"

"तक्रार नव्हती," वैद्य म्हणाला.

"तेच तर. मी लिहू काय?"

चार महिने त्याला घरी बसवलं, मग फोनवरच्या मदत-विभागात टाकलं. कानाला हेडफोन लावून तो दिवसभर लोकांना राउटर बंद करून चालू करायला सांगू लागला. लोक फोनवर शिव्या द्यायचे, आईबहिणीवरून जायचे. पूर्वी त्याने उलट ऐकवलं असतं. आता तो वाट बघायचा. शिव्या संपल्या की विचारायचा, "घरात आणखी कोण आहे? जरा त्यांना फोन देता?" बहुतेकदा काही नसायचं. दोनदा होतं. त्या दोन तक्रारींवर त्याने आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, दोष सापडला नाही. आणि मग आपल्या खासगी फोनवरून महिला हेल्पलाइनला फोन लावले.

खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. पुरावा नवऱ्यानेच गोळा करून ठेवला होता. राउटर उपटला जाईपर्यंतची नऊ मिनिटं तिन्ही कॅमेऱ्यांनी टिपली होती, आणि ती लांब कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रात जपलेली होती. नवरा पासवर्ड विसरलो म्हणाला. तिने तो पोलिसांना सांगितला. चार वर्षं ती त्याची बोटं बघत आली होती.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात वैद्य तिला दुसऱ्यांदा भेटला. ती बहिणीबरोबर आली होती. बाह्या कोपराच्या वर होत्या. डाग दिसत होते, आणि ती ते झाकत नव्हती. तो तिच्या उजव्या बाजूला येऊन बसला, ऐकू यावं म्हणून.

मग त्याने दीड वर्ष मनात असलेलं विचारलं. "ताई, त्या एका तासात तुम्ही काय करायचात? तुमची हरकत नसेल तर सांगा."

"काही नाही," ती म्हणाली. "झोपायचे."

"झोपायचात?"

"रात्री झोप लागायची नाही, त्या दारावरच्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका दिसायचा. दिवसा आडवं झालं की आवाज यायचा, काय झालं, बरं नाही का. म्हणून तीनला बटण बंद करायचे आणि स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचे. कुणी बघत नसताना. सासऱ्यांना माहीत होतं. बोलले नाहीत कधी, तेवढं मात्र खरं."

वैद्यने मान खाली घातली. "मी बोललो."

"हो, तुम्ही बोललात."

"मला कळायला हवं होतं. तुम्ही एवढं सांगत होतात, ऊन म्हणून, उंदीर म्हणून..."

"तुम्ही माफी मागणार आहात का?" तिने विचारलं. रागाने नाही, पुढे काय ऐकायचं आहे ते ठरवायला विचारावं तसं. "मग ऐका. मला अजून तुमचा राग येतो. त्या उंदरावर तुम्ही हसलात ना, ते हसू मला रात्री आठवतं. आणि दारातून तुमचा हात आत आला तेही आठवतं. एकातून दुसरं वजा करून बघितलं मी. होत नाही. दोन्ही राहतं."

"बरं," तो म्हणाला.

"बोटं कशी आहेत?"

"वाकत नाहीत."

"माझा कानही गेलाय," ती म्हणाली. बहिणीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. बहिणीकडून घेऊन ती आधी स्वतः प्यायली, मग बाटली त्याला दिली.

तिला आत बोलावलं. वैद्य दारातून बघत होता. नवऱ्याचा वकील डाव्या बाजूने प्रश्न विचारू लागला, तेव्हा ती न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, यांना इकडून यायला सांगा. तो कान तुमच्यासमोर बसलेल्याने फोडलाय." वकिलाला टेबलाला वळसा घालून यावं लागलं.

"बावीस दिवस तुम्ही नवऱ्याशी खोटं बोललात, हे खरं आहे का?"

"सव्वीस दिवसांतले बावीस," ती म्हणाली. "खरं आहे."

"का?"

"जिवंत राहायचं होतं."

वकिलाने कागद चाळले आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळला.

सासऱ्यांची साक्षही झाली. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. वैद्यची साक्ष तासभर चालली. 'लगेच वर गेलो' हे वाक्य तो बोलला तेव्हा त्याने प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं नाही.

निकालाच्या दिवशी नवऱ्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. गुडघा बरा झाला नव्हता, त्यामुळे त्याला दोन शिपायांनी धरून न्यावं लागलं. जाताना त्याने केसांवरून हात फिरवला. अपील होणार होतं, वकील बाहेर तसं सांगतही होता, पण ते पुढचं पुढे. ती बहिणीबरोबर पायऱ्या उतरली. बेकरीत दुसऱ्या दिवशी पहाटे पाचची पाळी होती तिची, आणि परतीची गाडी संध्याकाळी सव्वासहाला सुटत होती. वैद्यच्या बायकोने तिला थांबवून विचारलं, जेवून जाता का, घर जवळच आहे. ती म्हणाली, आज नको, उशीर होईल, झोप मोडते मग. आणि दोघी बहिणी गर्दीतून वाट काढत स्टेशनच्या दिशेने निघून गेल्या.